आपल्या शिदोरीत काय होतं? आयटीत नव्याने येणाऱ्यांसाठी

आमच्या टीममध्ये परभणी जिल्ह्यातला एक मुलगा नव्याने आला होता. महिन्यातून एकदा आम्ही सगळे बाहेर जेवायला जायचो आणि बिलाची कॉन्ट्री काढायचो, माणशी ६००-७०० रुपये. त्या दिवशी त्याचा नेमका उपवास असायचा. पहिल्या महिन्यात तो गुरुवारी होता, दुसऱ्या महिन्यात शुक्रवारी, तिसऱ्या महिन्यात मंगळवारी. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जेवणाचा वार बदलला की उपवासाचा वारही बदलत होता. त्याच्या पगारातून शैक्षणिक कर्जाचा हप्ता जात होता, घरी पैसे जात होते, आणि वाकडच्या खोलीचं डिपॉझिट भरायला उसने घेतलेले पैसे फेडणं चालू होतं. मी त्याची टीम लीड होते. दोन खुर्च्या सोडून बसत होते. तरी तीन महिने मला हे दिसलं नाही, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षात जेवणाच्या बिलाकडे बघायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

पुण्याच्या आयटीत मला वीस वर्षं झाली. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये नवी मुलं-मुली येतात, त्यांना कोड कसा लिहायचा, तिकीट (म्हणजे नोंदवलेलं काम किंवा तक्रार) कसं बंद करायचं हे आम्ही शिकवतो. शेजारी बसलेला माणूस इथवर कुठल्या वाटेने आला आणि आपण कुठल्या, हे मात्र कुणी शिकवत नाही. मला ते उशिरा कळलं, तुम्हाला लवकर कळावं म्हणून हे लिहिते आहे.

एक शब्द आधी ठरवून घेऊ. ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये 'प्रिव्हिलेज' म्हणतात. त्याचं मराठी 'विशेषाधिकार' असं केलं की डोळ्यांसमोर आमदार-खासदार येतात आणि आपला त्याच्याशी काही संबंध नाही असं वाटतं. मी शिदोरी म्हणते. शिदोरी आपण बांधलेली नसते. कुणीतरी पहाटे उठून, भाकरी थापून, फडक्यात बांधून आपल्या हातात दिलेली असते. ती मिळाली म्हणून लाजायचं कारण नाही. पण वाटेवरच्या प्रत्येकाकडे ती आहे असं धरून चाललो की आपण माणसांशी चुकीचं वागायला लागतो, आणि वागतोय हे आपल्याला कळतही नाही.

पायरी १: कागद घ्या आणि नोकरीच्या आधीची वर्षं लिहून काढा

हे काम मनातल्या मनात होत नाही. एका रविवारी तासभर काढा. स्वतःला साधे प्रश्न विचारा आणि उत्तरात माणसांची नावं आणि रुपयांचे आकडे लिहा. इंजिनिअरिंगची कुठली शाखा घ्यायची हे तुम्हाला कुणी सांगितलं? पहिला कॉम्प्युटर घरी कधी आला, की कॉलेजच्या लॅबमध्येच पहिल्यांदा हात लागला? पहिला रेझ्युमे कुणी तपासला? इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री कुठे झोपलात? पहिला पगार होईपर्यंतचा महिना कुणाच्या पैशावर काढला? पगारातले किती घरी जातात? घर भाड्याने घेताना आडनाव सांगितल्यावर पुढे काय झालं?

माझा कागद सांगते. मी कोथरूडची. दोन खोल्यांत वाढले, मराठी माध्यमात शिकले, बाबा सरकारी नोकरीत, आई शिक्षिका. आमच्याकडे फ्रिज उशिरा आला, सुट्टीत आम्ही कुठे गेलो तर मामाकडे, हे मी कितीतरी वर्षं अभिमानाने सांगत असे. 'आम्ही अगदी साधे, जे मिळवलं ते कष्टाने.' कष्ट खरेच होते. पण कागदावर लिहायला बसले तेव्हा मामाचं नाव आलं. तो बँकेच्या संगणक विभागात होता, आणि कॉम्प्युटरची शाखा घे हे त्याने मला दहावीतच सांगून ठेवलं होतं. मग आईचं नाव आलं. तिने माझ्या निबंधांमधल्या चुका लाल पेनाने काढल्या होत्या. मग आजोबा. ते रेल्वेत कारकून होते, म्हणजे माझ्या घरात अर्ज, पत्रं, कचेऱ्या यांची भीती कुणाला नव्हती. इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री मी माझ्याच गादीवर झोपले होते आणि सकाळी बाबांनी स्कूटरवरून सोडलं होतं. पहिला पगार मी पूर्ण स्वतःवर खर्च केला.

काटकसर आणि अभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या कागदाने शिकवलं. आमच्याकडे काटकसर होती. मध्यमवर्गीय मराठी घरांतल्या आपल्या पिढीचा इथेच घोळ होतो असं मला वाटतं. साधेपणाच्या आठवणी खऱ्या असतात, म्हणून त्यांच्याखालची शिदोरी दिसत नाही.

ती शिदोरी एका पिढीची नसते. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा महसूल शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणावरच्या खर्चाचा फायदा मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, असं त्यांनी त्यात मांडलं होतं. माझे आजोबा त्याच वरच्या वर्गातल्या घरात जन्मले. आणि मी इंजिनिअर झाले त्याची एक वाट १८४८ साली बुधवार पेठेत, भिडे वाड्यात सुरू झालेल्या मुलींच्या शाळेतूनही येते. म्हणजे ज्यांनी ही वाट पाडली त्यांना आमच्याच लोकांचा त्रास सोसावा लागला, आणि तिच्यावरून चालायला मात्र आम्ही पुढे होतो. हे मी कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलं आहे.

घराचा प्रश्न मुद्दाम विचारायला सांगितला. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी पथिकाश्रमातून बाहेर पडावं लागलं, आणि ती नोकरी सोडावी लागली. पदवी होती, नेमणूक होती, डोक्यावर छप्पर नव्हतं. आज हिंजवडी, वाकड, बाणेरला घर शोधताना आमच्या एका मुस्लिम सहकाऱ्याला ब्रोकरने फोनवर होकार दिला आणि नाव ऐकल्यावर 'मालकांनी विचार बदलला' असं सांगितलं. हे त्याच्याबाबतीत एका महिन्यात चार वेळा झालं. त्या महिन्यात त्याचं काम मागे पडलं आणि स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या आढावा बैठकीत, त्याला त्याबद्दल ऐकून घ्यावं लागलं. ऐकवणाऱ्यांत मी होते. म्हणून सांगते, फ्लॅटमेट शोधायची वेळ आली की आपल्या ग्रुपवर 'फक्त अमुकच लोक' अशी ओळ येते का ते बघा. आली तर तिथेच विचारा की ही अट कशासाठी. घर तुमच्या नावावर असेल तर तुमच्या शब्दाला वजन आहे.

पायरी २: शिदोरी एकाच मापाची नसते हे धरून चाला

मी बाई आहे, म्हणून बरीच वर्षं मला वाटत होतं की अन्याय सोसणाऱ्यांच्या बाजूला मी आहे, दुसऱ्या बाजूचं मला काय शिकायचं? मीटिंगमध्ये मी एखादी सूचना करायची, शांतता पसरायची, दहा मिनिटांनी एखादा सहकारी तीच सूचना करायचा आणि सगळे मान डोलवायचे. बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तेव्हा मला न विचारता माझं मॉड्यूल दुसऱ्याकडे गेलं होतं, 'तुला आता ताण नको म्हणून.' हे सगळं झालेलं आहे. आणि त्याच काळात माझ्या कोथरूडच्या भाषेमुळे, माझ्या आडनावामुळे, पुण्यात घर असल्यामुळे मी कित्येकांच्या पुढे उभी होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

साताऱ्याकडच्या बागायतदार घरातला मुलगा पैशाने भक्कम असेल आणि इंग्रजीच्या कॉलवर घामाघूम होत असेल. कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी इंग्रजी फाडफाड बोलत असेल आणि हिजाब घालते म्हणून क्लायंटसमोर तिला पुढे केलं जात नसेल. कोण जास्त पिचलेलं याची तुलना करत बसू नका, त्यातून काही हाती लागत नाही. या खोलीत, या कामात, आत्ता मला काय आयतं मिळतंय, एवढंच विचारा.

पायरी ३: 'इथे फक्त मेरिट' हे वाक्य तपासून बघा

पहिल्या महिन्यातच कुणीतरी हे म्हणेल, बहुधा कॅन्टीनमध्ये. 'सरकारी नोकरीत कॅटेगरी, इथे फक्त मेरिट.' खासगी कंपन्यांत जातीचं आरक्षण नाही, एवढा भाग खरा आहे. बाकीच्याकडे नीट बघायला हवं.

अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फक्त नावं वेगळी होती, काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. अर्जात फरक फक्त नावाचा होता. त्याच सुमारास समाजशास्त्रज्ञ सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या एचआर मॅनेजरांशी बोलून लिहिलं, की सगळे मेरिटची भाषा बोलतात आणि उमेदवाराला 'घरची पार्श्वभूमी' हमखास विचारतात. वडील काय करतात, भाऊ-बहिणी काय शिकल्या. ज्याच्या घरात पहिलाच पदवीधर तो स्वतः आहे, त्याने या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

मागच्या पिढ्यांची ही दरी भरायला राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. म्हणजे 'मेरिट की संधी' हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. शंभराहून जास्त वर्षं आपण तो करतो आहोत, आणि ज्या माणसाशी आपण तो वाद कॅन्टीनमध्ये घालतो तो लहानपणापासून तो ऐकत आलेला असतो. म्हणून माझा सल्ला आहे की कुणाला सीईटीची रँक विचारू नका, 'कुठल्या राऊंडला लागली अ‍ॅडमिशन?' हेही नको. आपल्याकडे हे प्रश्न जात काढण्यासाठी वापरले जातात, विचारणाऱ्याच्या मनात तसं नसलं तरी समोरच्याला ते तसेच पोचतात. 'पूर्ण नाव काय?', 'मूळ गाव कुठलं?', 'तुमच्यात लग्नात काय करतात?' हे त्यांचेच भाऊबंद.

पायरी ४: भाषेला वेळ द्या

ही सर्वात जास्त कामाची पायरी, म्हणून इथे थोडी थांबते.

त्या परभणीच्या मुलाच्या स्क्रीनकडे एकदा माझं सहज लक्ष गेलं. कॉल चालू होता, तो म्यूटवर होता. एका बाजूला नोटपॅड उघडं होतं आणि त्यात एकच प्रश्न इंग्रजीत तीन प्रकारे लिहिलेला होता. पहिली ओळ खोडून दुसरी, दुसरी खोडून तिसरी. तिसरी बरोबर होती. तोवर विषय पुढे गेला होता. त्याने नोटपॅड बंद केलं, सेव्ह न करता. जो प्रश्न त्याने विचारलाच नाही तो योग्य होता. आठवड्याने त्याच ठिकाणी आमचं प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरत असलेली यंत्रणा, अडकलं.

त्याच्या वार्षिक मूल्यमापनात माझ्या आधीच्या लीडने 'कम्युनिकेशन सुधारायला हवं' असं लिहिलं होतं. आपल्या क्षेत्रात हा शेरा वर्षानुवर्षं इंग्रजीच्या अस्खलितपणाबद्दल दिला जातो. नेमकं सांगणं वेगळं आणि फर्डं बोलणं वेगळं. फर्डं बोलून काहीच न सांगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यांना हा शेरा मिळालेला मला आठवत नाही.

तुम्ही नवे असलात तरी यात करण्यासारखं बरंच आहे. कॉलचे मुद्दे आदल्या दिवशी लिहून पाठवा, म्हणजे ज्याला तयारी करायची आहे त्याला ती करता येते. कॉल संपवण्याआधी 'चॅटवर प्रश्न लिहा, आपण थांबू' असं म्हणा आणि खरोखर थांबा, मनात तीसपर्यंत मोजा. आपापसात बोलताना गुंतागुंतीची गोष्ट मराठीत किंवा हिंदीत समजावून घ्या, मग ती इंग्रजीत एकत्र लिहा. पण टीममध्ये एक जरी तमिळ किंवा बंगाली सहकारी बसलेला असेल तर त्याच्यादेखत मराठीत रंगून जाऊ नका. पुण्यात मराठी हीसुद्धा शिदोरी आहे. कुणाच्या उच्चारावर हसू नका, 'न' आणि 'ण'वरून तर नकोच. पुण्यात हे हसू फार सहज येतं आणि ते कुठून येतं हे ऐकणाऱ्याला चांगलं माहीत असतं.

पायरी ५: लहान कामं कोण करतं ते मोजा

दोन आठवडे वहीत टिपून ठेवा. मीटिंगची टिपणं कोण घेतं? वाढदिवसाचा केक कोण मागवतं? कॉन्फरन्स रूम कोण बुक करतं, दिवाळीची रांगोळी कोणाच्या माथी येते? आमच्याकडे चौदापैकी तीन मुली होत्या आणि ही सगळी कामं त्या तिघींत फिरत होती. कुणी तसं ठरवलेलं नव्हतं. आम्ही नावांची आळीपाळीची यादी लावली, वर्णानुक्रमे, आणि पहिल्याच आठवड्यात टिपणं घेणं किती कष्टाचं आहे हे सगळ्यांना कळलं.

मुलगे असाल तर एवढं करा. कुणाचं बोलणं मध्येच तुटलं तर 'तिचं पूर्ण होऊ दे' म्हणा. सूचना जिची असेल तिचं नाव घेऊन पुढे न्या. रात्रीचं रिलीज (नवी आवृत्ती चालू करणं), ऑनसाइट (क्लायंटकडे, बहुधा परदेशात, जाऊन काम), लांबचा प्रवास यांबद्दल मुलीच्या वतीने स्वतःच 'तिला जमणार नाही' असं ठरवू नका. तिला विचारा, आणि घरी सोडणारी कॅब ठरली आहे ना हे बघा. ८ मार्चला गुलाबाचं फूल दिलं नाही तरी चालेल.

पायरी ६: एररचा फोटो पाठवू नका

ऐकायला किरकोळ वाटेल. आमच्या शेजारच्या टीममध्ये एक दृष्टिहीन टेस्टर आहे, स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर काम करतो, वेग माझ्या दुप्पट. त्याचा खोळंबा होतो तो फक्त आम्ही चॅटवर एररचा स्क्रीनशॉट टाकतो तेव्हा. स्क्रीन रीडरला चित्रातला मजकूर धड वाचता येत नाही. एररचा मजकूर कॉपी करून टाकला तर त्याचा प्रश्न सुटतो आणि तो मजकूर पुढे शोधायला आपल्यालाही सापडतो. कॉलवर कॅप्शन चालू ठेवणं, व्हाइटबोर्डवर काढलेलं तोंडाने सांगणं, टीमच्या सहलीचं ठिकाण ठरवताना तिथे पायऱ्या किती आहेत ते आधी विचारणं, ही सगळी याच जातीची कामं आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे, त्यातले कित्येक डोळ्यांना दिसत नाहीत. कायद्याने खासगी कंपनीलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. तुमच्या कंपनीचं कुठे आहे ते शोधा आणि वाचा.

पायरी ७: कॅन्टीन, कॅलेंडर आणि गळ्यातली पट्टी

सुकट किंवा बोंबलाचा डबा मायक्रोवेव्हमध्ये गरम झाला की नाकं मुरडली जातात, कुणी मोठ्याने बोलतं, आणि तो माणूस पुढच्या वेळी पोळी-भाजी आणतो. कोकणातल्या, गोव्यातल्या सहकाऱ्यांकडून मी हे ऐकलंय, आणि बीफ किंवा पोर्कबद्दल तर कुणी तोंडच उघडत नाही. दुसऱ्याच्या डब्यावर बोलायचं नाही, एवढा एकच नियम पुरेसा आहे.

रिलीजची तारीख ठरवताना दिवाळी-गणपती आपोआप टाळले जातात. १४ एप्रिल, ईद, नाताळ टाळले जातात का ते बघा. दसऱ्याला ऑफिसात यंत्रांची पूजा होते तेव्हा आपल्यातलाच कुणीतरी दीक्षाभूमीला जायला रजा मागत असतो, त्याला 'दसरा घरी नाही का करत?' असं विचारायची गरज नाही.

आणि गळ्यातली ओळखपत्राची पट्टी. आमच्याकडे कायम कर्मचाऱ्यांची निळी आणि कंत्राटी लोकांची वेगळ्या रंगाची होती. पॅन्ट्रीतल्या मावशी, सफाई करणारे दादा, सुरक्षारक्षक यांना विविधतेच्या कुठल्याही आकड्यात कुणी मोजत नाही. त्यांच्यासाठी कप वेगळे आहेत का, जेवायला ते कुठे बसतात, लिफ्ट कुठली वापरतात? मी नऊ वर्षं एका इमारतीत काम केलं आणि मावशी जिन्याखाली बसून जेवतात हे मला लिफ्ट बंद पडली त्या दिवशी समजलं. दोघी-तिघींनी मिळून अ‍ॅडमिनला मेल केला, तेव्हा कॅन्टीनमध्ये त्यांच्या जेवणाची वेळ आणि जागा ठरली. एक मेल लिहायला नऊ वर्षं लागली याचं मला वाईट वाटतं.

पायरी ८: रेफरल आणि इंटरव्ह्यू

वर्षभरात तुम्हाला विचारलं जाईल, 'ओळखीचं कुणी आहे का?' रेफरलचे पैसेही मिळतात. इथे तुमची शिदोरी दुसऱ्याला देता येते, म्हणून ही पायरी गंभीरपणे घ्या. आपण सुचवतो ती नावं आपल्याच कॉलेजची, आपल्याच गल्लीतली, आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची असतात. एक मर्यादा स्वतःला घाला: दोन नावं ओळखीची दिली की तिसरं नाव तुमच्या वर्तुळाबाहेर शोधायचं. तालुक्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना फोन करा. करिअरमध्ये खंड पडलेल्या बायका शोधा. रेझ्युमे पुढे ढकलण्याआधी अर्धा तास बसून तो त्यांच्यासोबत नीट करा. माझा मामा माझ्यासाठी हेच करत होता.

इंटरव्ह्यूत बसायची वेळ आली तर सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा. दुसऱ्याशी चर्चा करण्याआधी आपले गुण कागदावर लिहून मोकळे व्हा, नाहीतर खोलीतल्या सर्वात मोठ्या आवाजाचं मत सगळ्यांचं होतं. लग्न, मुलं, वडिलांचा व्यवसाय हे विचारायचे प्रश्न नाहीत. 'टीममध्ये बसेल असं वाटत नाही' असं कुणी म्हणालं तर शांतपणे विचारा, 'नेमकं कुठल्या उत्तरावरून?' उत्तर देता आलं नाही तर तो मुद्दा धरू नये असा आग्रह धरा. आणि उमेदवार अडखळला तर मार्कर त्याच्या हातात द्या आणि सांगा, आकृती काढ, मराठीत सांग, हिंदीत सांग.

पायरी ९: कुणी काही बोललं तर

जातीवरून, धर्मावरून, बाईवरून, कुणाच्या चालण्या-बोलण्यावरून विनोद होतो आणि सगळे हसतात. नव्या माणसाने त्या क्षणी भाषण करावं अशी अपेक्षा नाही. हसू नका, एवढं पहिलं. 'मला नाही कळलं, यात हसण्यासारखं काय?' हे साध्या आवाजात विचारता आलं तर उत्तम, बहुतेक वेळा विषय तिथेच पडतो. तेही जमलं नाही तर नंतर, एकट्यात, ज्याच्यावरून विनोद झाला त्याच्याकडे जा. 'मी ऐकलं. मला ते पटलं नाही. तुला काही करायचं असेल तर मी सोबत आहे.' पुढे काय करायचं ते त्याला ठरवू द्या. त्याच्या वतीने परस्पर तक्रार करायला धावू नका. त्याची जात, त्याचा आजार, त्याचं खासगी आयुष्य चारचौघांत उघड करू नका. मात्र तारीख, वेळ, शब्द, कोण हजर होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

कायदा थोडा माहीत असू द्या. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला असते, निम्म्या तरी सदस्य महिला असतात, एक सदस्य बाहेरचा असतो. तक्रार तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. २०१७ पासून, हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर बाळंतपणाला २६ आठवडे पगारी रजा आहे, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय द्यावी लागते. तृतीयपंथी व्यक्तींना नोकरीत भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा २०१९ चा आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९, खासगी ऑफिसातही लागू आहे. आणि पुढेमागे ऑनसाइट गेलात तर तिथेही हा विषय मागे लागतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटलने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर.

ज्यांची शिदोरी हलकी होती त्यांच्यासाठी

हा लेख वाचणाऱ्यांत तुम्हीही असाल. वरचं काहीही कुणाला शिकवण्याची जबाबदारी तुमची नाही. तुमची कहाणी कुणी 'प्रेरणादायी' म्हणून टाऊनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कंपनीच्या सभेत, सांगायला लावली तर नाही म्हणता येतं. पगाराबद्दल विचारा, तुमच्याच बॅचच्या दोघा-तिघांना स्पष्ट विचारा, कारण वाटाघाटी करायच्या असतात हेच कित्येकांना कुणी सांगितलेलं नसतं. प्रश्न अर्धवट इंग्रजीत विचारा, पण विचारा. तुमच्यासारखी माणसं शोधा, ती तुम्हाला वाटतं त्याहून जास्त आहेत. आणि जेवणाच्या कॉन्ट्रीला नाही म्हणायला उपवास लागू नये. टीमला हे आधीच कळायला हवं होतं. आम्ही आता महिन्याचं जेवण बंद करून ऑफिसातच डबे एकत्र उघडतो, आणि बाहेर जायचं असेल तर टीमच्या बजेटमधून जातो.

पायरी १०: वहीचं पान

वर्षाच्या शेवटी स्वतःला शाबासकी देण्यासाठी नाही, तर मागे वळून बघता यावं म्हणून एक पान ठेवा. तीन रकाने पुरतात: कुणाला रेफर केलं, कुणाचं नाव वरच्या मीटिंगमध्ये घेतलं, कुठे गप्प बसले. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा. दर तिमाहीला उघडा.

माझ्या पानावर गेल्या तिमाहीत पहिल्या रकान्यात दोन नावं आहेत आणि दोन्ही माझ्याच कॉलेजची. म्हणून या शनिवारी सकाळी सहाच्या गाडीने आम्ही तिघं सोलापूरला निघालो आहोत. तिथल्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलांचे सराव इंटरव्ह्यू घ्यायचे आहेत, ४० मुलं आहेत, प्रत्येकाला वीस मिनिटं. तो परभणीचा मुलगा आता स्वतः टीम लीड आहे. प्रश्नांची यादी त्याने तयार केली आहे, आधी मराठीत.